वीस मिनिटं पुढे

माझ्या जिभेला हाड नाही, हे बेंगळुरातल्या के. आर. पुरमच्या आमच्या दवाखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. मी तिथे नर्स आणि बिंदुमाधव अण्णा कॉम्प्युटरवर. मी त्यांना तोंडावर 'आगाऊ अण्णा' म्हणायचे. ते नुसते हसायचे.

कारण त्यांची झाडून सगळी घड्याळं वीस मिनिटं पुढे असत. मनगटावरचं, टेबलावरचं, घरी देवाजवळचं. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, गणिताच्या पेपरला ते पाव तास उशिरा पोचले आणि शिपायानं फाटकातून आत सोडलं नाही. वर्ष फुकट गेलं. त्यानंतर हा माणूस कुठेही उशिरा पोचला नाही. कुणी वेळ विचारली, की घड्याळाकडे बघून मनातल्या मनात वीस वजा करायचे आणि अगदी बरोबर वेळ सांगायचे. "वजाच करायचे तर पुढे ठेवता कशाला?" मी चिडवायचे. "स्वल्प भीती असलेली बरी, भव्या," म्हणायचे.

गोष्ट सत्त्याण्णव सालची. आमच्या ट्रस्टचे तीन दवाखाने होते. एक के. आर. पुरमला, एक मारतहळ्ळीला आणि एक सर्जापूर रोडवर. तिन्हीकडे एकेक कॉम्प्युटर, आणि पेशंटची माहिती तिन्हींत सारखीच. रोज दुपारी दोनला टेलिफोनच्या लाइनवरून तिन्ही मशीन एकमेकांना दिवसभराचं नवंजुनं कळवायची. एकाच पेशंटबद्दल दोन ठिकाणी वेगळं लिहिलेलं निघालं, तर मशीन अडून बसायचं. दोन्ही नोंदी पुढ्यात टाकून विचारायचं, यातली कुठली ठेवू? अण्णा मग फोन फिरवायचे, डॉक्टरांना गाठायचे, वेळ पडली तर पेशंटच्या घरी चालत जायचे. रोज दहादहा नोंदींची ही कटकट. सगळे वैतागले होते, मीसुद्धा.

म्हणून सॉफ्टवेअरच्या कंपनीनं अपडेट पाठवला. दोन फ्लॉप्या आणि एक माहितीपत्रक. आता मशीन विचारणार नव्हतं. दोन नोंदी जुळल्या नाहीत, तर ज्या नोंदीची वेळ नंतरची ती राहणार आणि आधीची पुसली जाणार. अट एवढीच, की अपडेट घालण्याआधी तिन्ही मशीनची घड्याळं एक करून घ्यायची.

अण्णांनी ते पत्रक तीनदा वाचलं. मग मारतहळ्ळीचा कॉम्प्युटर बघणाऱ्या गुरुराजला फोन लावला. मी बाजूलाच सुया मोजत होते.

"तुझ्या मशीनवर किती वाजले?"

गुरुराज म्हणाला असेल, दहा चाळीस. अण्णांनी आपल्या मशीनकडे पाहिलं. त्यावर अकरा वाजले होते, कारण तेही घड्याळ त्यांनीच लावलेलं. "सरी, बरोबर, माझेही दहा चाळीस," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. सर्जापूर रोडलाही तेच सांगितलं आणि फ्लॉपी आत सरकवली. इतकी वर्षं जे करत आले तेच त्यांनी केलं होतं. ते त्यांच्याही ध्यानात आलं नाही आणि माझ्याही नाही.

पुढच्या आठवड्यात सकवारबाई आल्या. साठीच्या, ठसठशीत कुंकवाच्या. आमच्यासारख्याच पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात राहिलेल्या घरातल्या, घरात मराठी आणि दाराबाहेर कन्नड. घसा धरला होता. आमच्या डॉक्टरांनी तपासून त्यांना घशाच्या तज्ज्ञाकडे मारतहळ्ळीला पाठवलं. त्या दहाला निघाल्या. त्यांची चिठ्ठी अण्णांनी अकरा पाचला मशीनमध्ये भरली. 'न सोसणारी औषधं' ही जागा चिठ्ठीवर रिकामी होती, आणि रिकामं म्हणजे 'नाही' असा आमचा रिवाज. मग सव्वाअकराला अण्णा बाहेर जाण्याच्या वहीत सही करून पोस्टात गेले. तिकडे मारतहळ्ळीत त्याच सुमाराला गुरुराजनं सकवारबाईंच्या नावावर नोंद केली, की पेनिसिलिन सोसत नाही, अंग सुजतं, श्वास कोंडतो, आणि तिचा कागद छापून फाइलला लावला.

दोनला मशीन बोलली. आमची नोंद खरं तर आधीची, पण तिच्यावर शिक्का पडला होता अकरा पंचवीसचा. गुरुराजच्या नोंदीवर सव्वाअकराचा. गुरुराजची नोंद पुसली गेली.

नऊ दिवसांनी सकवारबाई पायाची जखम घेऊन आमच्याकडे आल्या. डॉक्टरांनी पेनिसिलिन लिहून दिलं. नियम असा की पडद्यावर बघायचं, मग पेशंटला तोंडानं विचारायचं, मग त्वचेखाली एक थेंब टोचून थांबायचं. मी पडद्यावर पाहिलं, 'नाही'. बाहेर तीस माणसं ताटकळत होती. मी विचारलं नाही. हे आत्ताच सांगून टाकते, कारण मागाहून सांगायला मला फार वेळ लागला. मी थेंब टोचला, आणि तेवढ्यानंच घात झाला. डॉक्टर धावले, सुया दिल्या, अ‍ॅम्ब्युलन्स आली. सकवारबाई वाटेतच गेल्या.

चौकशी बसली. ट्रस्टचे मधुकरराव आणि आणखी दोघे. मारतहळ्ळीचा छापलेला कागद सांगत होता की सव्वाअकराला धोका लिहिला गेला. मशीन सांगत होतं की अकरा पंचवीसला के. आर. पुरममधून कुणीतरी तो पुसला. वही सांगत होती की त्या वेळी बिंदुमाधव पोस्टात होते. कॉम्प्युटरपाशी उरलं कोण? मी! "मी हातसुद्धा लावला नाही," म्हणून मी आकांत केला. कोण ऐकतो? नोकरी तर जाणारच होती, वर पोलिसांत देण्याची भाषा चालली होती. मधुकररावांनी विचारलं, "निदान त्या बाईंना तोंडानं विचारलंत का?" मी म्हटलं, "विचारलं. नाही म्हणाल्या." पटकन निघून गेलं तोंडातून. मेलेलं माणूस काय उलटून बोलणार?

दुसऱ्या दिवशी अण्णा न बोलावता चौकशीच्या खोलीत येऊन उभे राहिले. रात्रभर झोपले नसावेत. हातात मारतहळ्ळीचा तो कागद होता. त्यांनी तो मोठ्यानं वाचला, तारीख, वेळ, औषधाचं नाव, सूज, श्वास. मग म्हणाले, "ही नोंद कुणी पुसली नाही. माझं घड्याळ वीस मिनिटं पुढे होतं. गुरुराजला मी खोटं सांगितलं नाही. वेळ सांगताना मी वीस वजा करतो, वहीतही तशीच लिहितो. मशीन वजा करत नाही. ह्या पोरीचा त्यात काही हात नाही."

मधुकरराव म्हणाले, "तुम्ही गप्प बसला असतात, तर कुणालाच कळलं नसतं."

"हो," अण्णा म्हणाले.

महिनाअखेरीला त्यांना काढून टाकलं. मी कामावर परत आले. आणि मी काय केलं असेल? निघताना ते निरोप घ्यायला आले, तर मी त्यांच्यावर कडाडले. "तुमच्या त्या मेल्या घड्याळापायी माझ्यावर खुनाचा आळ आला असता, अण्णा!" ते मान खाली घालून ऐकत राहिले आणि पिशवी उचलून गेले. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

पुढे चार महिन्यांनी चौकशीची फाइल कपाटात लावायला माझ्याकडे आली. त्यात मारतहळ्ळीचा कागद होता. अण्णांनी वाचला होता तसाच, शब्द न्‌ शब्द. फक्त शेवटची ओळ त्यांनी वाचली नव्हती, आणि चौकशीवाल्यांचं लक्ष वेळेपुढे गेलंच नव्हतं. 'विचारताच रुग्णाने स्वतः सांगितले.'

अय्यो! सकवारबाईंना सगळं ठाऊक होतं. कुणी विचारलं असतं, तर त्यांनी सांगितलंच असतं. म्हणजे 'नाही म्हणाल्या' हे माझं खोटं त्या एका ओळीनं उघडं पडत होतं, आणि माझं उत्तर दवाखानाभर झालेलं असल्यामुळे अण्णांना ते त्याच दिवशी कळलं होतं. तरी मी त्यांना नाही नाही ते बोलले, आणि त्यांनी ऐकून घेतलं.

त्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी पद्मावती अक्कांनी कॉफी दिली. मी रडत विचारलं, "अण्णा, ती ओळ का नाही वाचलीत?"

त्यांनी कॉफीचा पेला माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "माझी चूक होती, ती मी सांगितली. तुझी चूक मी कशी सांगू, भव्या? ती तुझी आहे."

रागावले असते तर मी भांडले असते. पण ते रागावले नव्हते. मी तशीच घरी आले. पुढे दोन वर्षं मी रोज सुया टोचत राहिले. प्रत्येक पेशंटला दोनदा विचारायचे, मोठ्यानं, साऱ्या खोलीला ऐकू जाईल असं. पण त्यानं काही भागत नव्हतं.

परवा मी सकवारबाईंच्या मुलाकडे, विठोजींकडे गेले. दारातच उभी राहून सगळं सांगितलं. पडदा, थेंब, चौकशीतलं माझं उत्तर. मी शिव्या खायच्या तयारीनं गेले होते. विठोजींनी चौकटीला हात टेकला आणि एकच विचारलं, "तुम्ही विचारलं असतं, तर आईनं सांगितलं असतं?"

"हो," मी म्हटलं. "लगेच सांगितलं असतं."