कच्चा लिंबू

लेकीच्या सॉफ्टबॉल क्लबच्या फॉर्मवर दोनच चौकोन होते. एक ‘लाइस्टुंग’, म्हणजे दर रविवारी म्युनिक, रेगेन्सबुर्ग असं गावोगाव जाऊन सामने खेळणारा मोठा संघ. दुसरा ‘फ्रायझाइट’, म्हणजे फावल्या वेळातला. फावल्या वेळात माणसं भरतकाम करतात, सॉफ्टबॉल खेळत नाहीत, असं माझं स्पष्ट मत होतं. लेक अकरा वर्षांची, पायाने चपळ, आणि मोठ्या संघाच्या ट्रेनरने तिला आपण होऊन बोलावलेलं. मी तर रविवारच्या डब्याला दशम्या न्यायच्या की पराठे, इथपर्यंत पोचले होते.

“अगं, खेळणार कोण आहे? तू की ती?” नवऱ्याने विचारलं.

“तू गप्प बस,” मी म्हणाले. आमच्याकडे चर्चा अशीच होते.

फॉर्म द्यायच्या आधीच्या रविवारी मोठ्या संघाने तिला एका सामन्याला नेलं. इंगोलश्टाटहून आम्हीही गाडीने मागोमाग गेलो. ती बराच वेळ बाकावर बसून होती. सामना जिंकल्यात जमा झाल्यावर ट्रेनरने तिला मैदानात पाठवलं. तिच्या हातून अगदी सोपा झेल सुटला, तरी कुणी एक शब्द बोललं नाही. उलट मुलींनी टाळ्या वाजवल्या. किती गुणाच्या पोरी, मला वाटलं.

घरी आल्यावर मी पुण्याला बहिणीला फोन लावला. “त्या फावल्या वेळवाल्यांत टाकली तर जन्मभर कच्चा लिंबूच राहायची गं!”

लेक शेजारीच पाव खात होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. तिच्यासमोर तिच्याविषयी बोलताना मी हे हमखास विसरते.

“वास इस्ट कच्चा लिंबू?” तिने विचारलं.

फोन ठेवून मी समजावलं. लहानग्याला खेळात घेतात, पण त्याच्यावर राज्य येत नाही. त्याला पळू द्यायचं, आऊट मात्र करायचं नाही.

तिने घास संपवला. “आल्झो, दोर्ट बिन इश लिंबू.”

म्हणजे, तिथे तर मीच लिंबू आहे. मग तिने जर्मनमध्येच सांगितलं, की तिच्या नेहमीच्या, फावल्या वेळवाल्या संघात झेल सुटला की मैत्रिणी तिच्यावर ओरडतात. रविवारी कुणीच ओरडलं नाही.

लहानपणी आमच्या सोसायटीतल्या पोरांत मी सगळ्यात धाकटी होते. एकदा साखळीच्या खेळात मी भोकाड पसरलं होतं, “मला पण आऊट करा!” सगळे हसले आणि माझ्या हातावर लिमलेटची गोळी ठेवली. ती मी रडत रडत खाल्लीसुद्धा. हे सगळं विसरून मी लेकीला त्याच जागी बसवायला निघाले होते. माझी मलाच लाज वाटली.

‘फ्रायझाइट’वर फुली तिनेच मारली. मोठा संघ हुकल्याचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

पुढच्या शनिवारी घराजवळच्या मैदानावर फावल्या वेळवाल्यांचा सामना होता. शेवटच्या बेसवरून ती जिवाच्या आकांताने धावली आणि धाव पूर्ण व्हायला दोन पावलं उरली असताना पकडली गेली. तिच्या संघातल्या मुली कपाळावर हात मारून तिच्या नावाने ओरडल्या. गुडघे मातीने माखलेले, अशी ती तडक आमच्याकडे पळत आली, चेहरा आनंदाने फुललेला.

“आई,” ती चक्क मराठीत म्हणाली, “मी आऊट झाले!”