मागच्या सीटवरचा रंगनाथ

रंगनाथ बायकोच्या मागे बसायचा, आणि तेही नगरच्या भर रस्त्यात. आमच्या नागापूरच्या कारखान्यात तो वेल्डर होता, मी टर्नर. दोन जुन्या सायकलींचे सांगाडे कापून त्याने एक लांबलचक जोडसायकल बनवली होती. दोन सीट, दोन हँडल, आणि चेन अशी जोडलेली की एकाचे पाय फिरले की दुसऱ्याचे फिरलेच पाहिजेत. महिन्यातून एका रविवारी दोघं नवराबायको तिच्यावरून शेवगावला, सुमनवहिनींच्या माहेरी जायची आणि दिवस मावळेपर्यंत परत यायची. जाताना वहिनी पुढे, येताना हा पुढे. कारखान्यात कोणी चिडवलं तर वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढत म्हणायचा, "जाताना रस्ता तिच्या माहेरचा हाय. तिथं मी कशाला म्होरं म्होरं करू?"

मला त्याचा हेवा वाटायचा. उगाच आडवळणाने कशाला सांगू, जळफळाट व्हायचा. पगार दोघांचा सारखाच, उलट माझ्याकडे नवी कोरी मोटारसायकल. पण माझी मंदा त्या गाडीवर बसायची ती आमच्या दोघांमध्ये पिशवी ठेवून, आणि उतरेपर्यंत आमच्यात एका शब्दाचीही देवाणघेवाण व्हायची नाही. सोमवारी रंगनाथ डबा उघडून शेवगावचं खमंग काहीतरी सगळ्यांना वाटायचा. मी मात्र पोट भरलंय म्हणून सांगायचो.

एका रविवारी मी शेवगावच्या वाटेवर तिसगावला काम काढलं आणि मोटारसायकल त्यांच्या मागे घातली. काम कसलं, नुसतं बघायचं होतं. करंजी घाटाच्या उताराला वहिनी पुढून सांगत होत्या, "खड्डा." मागून हा, "व्हय." "पाय थांबीवते." "थांबीव." "वळते." "वळ." अख्खा घाट त्यांचं हेच चाललं होतं, आणि मधेच दोघंही खो खो हसत होती. तिसगावच्या चहाच्या टपरीवर त्यांनी मला गाठलंच. रंगनाथ बशीत चहा ओतत म्हणाला, "विलास, येकटाच? मंदावहिनीला का न्हाई आनलं?"

"तिला बरं नाही," मी ठोकून दिलं. मंदा ठणठणीत होती, घरी पापड लाटत होती. मी तिला विचारलंच नव्हतं.

ती दोघं शेवगावहून येईपर्यंत मी तिसगावातच रेंगाळलो आणि पुन्हा त्यांच्या मागे निघालो. परतीच्या चढाला रंगनाथ पुढे होता. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, तरी वहिनींच्या भावजयीचं लोणचं का बिघडलं यावर दोघांची चर्चा रंगली होती. मला त्या लोणच्याचासुद्धा हेवा वाटला.

पुढच्याच आठवड्यात मी जोडसायकल मागितली. त्याने सीट मंदाच्या उंचीला बसवून दिली, चेनला तेल घातलं. मंदा आधी लाजली, मग चक्क नवा पंजाबी ड्रेस घालून आली. भिंगारपर्यंत बरं चाललं. तिथे समोर म्हैस आडवी आली म्हणून मी पाय थांबवले, आणि म्हैस गेल्यावर जोरात मारले. मागे मंदाने पाय टेकायला म्हणून पायडलवरून काढला होता. ते पायडल गर्रकन फिरून तिच्या नडगीवर बसलं. ती खाली उतरून, नडगी दाबून रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

"लग्नाला सव्वीस वर्सं झाली," ती म्हणाली. "तुमी कवा सांगून थांबलात, का कवा सांगून निघालात?"

आणि लंगडत रिक्षा स्टँडकडे गेली. मी ती लांबलचक सायकल एकटा ढकलत नागापूरला आणली. मागचं रिकामं पायडल वाटभर फिरत होतं.

रंगनाथला मी सगळं सांगितलं, तो हसेल अशी तयारी ठेवून. तो हसला नाही. "मी बी तिला पाडलंय," तो म्हणाला. "शेवगावात, भर बाजारात, तिच्या माहेरच्या लोकांदेखत. तवा म्या मागं बसून बघितलं. म्होरचं काय बी दिसत न्हाई रं. आपल्या मानसानं न सांगता वळवलं, का आपन उलटंच कलतो. येकडाव तू मागं बस." मी मान डोलावली आणि बसलो नाही. नगरच्या रस्त्यावर बायकोच्या मागे बसायला रंगनाथचंच काळीज हवं.

मागच्या हिवाळ्यात तो गेला. छातीत दुखतंय म्हणाला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी खूप रडलो. माणूस माझा जिवाभावाचा होता, हेवा असला म्हणून काय झालं. दिवसकार्य झाल्यावर मी मनातल्या मनात ठरवून टाकलं की ती सायकल वहिनींकडे मागायची, आणि या वेळी नीट सांगून चालवायची.

माझं तोंड उघडायच्या आत वहिनी आमच्या दारात आल्या. माझ्याकडे पाहिलंही नाही. "मंदे," त्या म्हणाल्या, "माझ्यानं येकटीनं जाववत न्हाई. येतीस का शेवगावला?" मंदाने पोळपाट तसाच टाकला.

दिवसभर मी दारात ये-जा करत होतो. दिवस मावळायला दोघी आल्या, धुळीने माखलेल्या, आणि पुढे मंदा बसली होती. तिचा तो चेहरा मी लग्नात पाहिला असेल, किंवा तेव्हाही नसेल.

"तिसगावपासून मीच म्होरं हुते," ती म्हणाली.

मी विचारलं, "पुढच्या वेळी मी येऊ का? मागे बसेन."

तिने खरोखरच विचार केला. मग पदराने तोंड पुसावं तशी ओढणीने तोंड पुसत म्हणाली, "वहिनींचं मन मोडवत न्हाई वो. आन जागा दोनच हायेत."

ती पाय धुवायला आत गेली. मी सायकलपाशी उभा राहिलो. रंगनाथ असता तर त्याने उठून आपली जागा मला दिली असती, आणि तेसुद्धा मला सहन झालं नसतं.