शिंगाला बांधलेला फोन

माझी मामी परवापरवापर्यंत आमच्या घरी एकही रात्र राहिली नव्हती. जेवायला यायची आणि हात वाळायच्या आत निघायची.

"थांब की गं," आई म्हणायची.

"थांबले असते हो वन्सं, पण ती वाट बघत असेल."

ती म्हणजे म्हैस. मामाकडे एकच म्हैस आहे आणि घर तिच्याच दुधावर चालतं. पण ही बाई पान्हा सोडणार फक्त मामीला. मामी शेजारी बसून "माझी बाय, माझी शहाणी" असं काहीबाही पुटपुटू लागली की डोळे मिटून घेणार. दुसरं कुणी बसलं तर पान्हा चोरून भिंतीकडे बघत राहणार. "बायकांना सवत असते," मामा म्हणायचा, "मला ही आहे."

मग ताईचा, म्हणजे मामीच्या लेकीचा, शहरातून फोन आला. पहिलंच बाळंतपण, त्यात डॉक्टरांनी अंथरुणातून हलायचं नाही म्हणून बजावलेलं. "आई, तू येशील ना?"

मामीनं गोठ्याकडे बघितलं. ती गेली तर म्हैस आटणार, नाही गेली तर लेक एकटी.

"जा तू," मामाच म्हणाला. "म्हैस आहे, वाघ नाही."

मामी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामा चरवी घेऊन बसला. म्हैस भिंतीकडे बघत राहिली. संध्याकाळी त्यानं मामीची शाल डोक्यावरून घेतली आणि बारीक आवाजात "माझी बाय" म्हणाला. यावर म्हशीनं लाथ घातली, चरवी गडगडत वैरणीत गेली आणि मामा तिच्यामागोमाग.

शेजारचे काका कुंपणापाशी उभे राहून सगळं बघत होते. "अशीच राहिली तर आटेल हो. वहिनींना बोलावून घ्या. आणि ती शाल काढा आधी."

मामानं घरातला बटणांचा फोन उचलला. रेंज यायची ती फक्त गोठ्यात, गव्हाणीपाशी, म्हणून तिथंच उभं राहून त्यानं मामीला फोन लावला. 'परत ये' हे शब्द त्याच्या तोंडून निघेनात. इतक्यात पलीकडून मामी गरजली, "काढलं का दूध?"

मामीला फोनवर हळू बोलता येत नाही. माणूस लांब असेल तर आवाजही तेवढा लांब जायला हवा, असं तिचं मत आहे. तो आवाज ऐकला आणि म्हशीनं कान टवकारले. दावं ताणून ती पुढे आली आणि मामाचा गाल खसाखसा चाटू लागली.

"अगं, ही मला चाटतेय!"

"कोण?"

"कोण काय? तुझी बाय!"

"मग फोन तिच्या कानाशी धरा!"

"आणि धार कशानं काढू? मला काय चार हात आहेत?"

"शिंगाला बांधा!"

मामानं जुन्या फडक्यानं फोन शिंगाला बांधला. मामी बोलत राहिली, म्हशीनं डोळे मिटले आणि चरवीत पहिली धार वाजली.

तेव्हापासून दोन्ही वेळेला हाच बेत. ताईच्या सासूबाईंना सकाळी सकाळी बाल्कनीतून ऐकू यायचं, "माझं सोनं ते! रुसलंस? येणार हं मी लवकर." त्यांनी एकदा चौकशी केली. मामी म्हणाली, "घरीच फोन केला होता." मग सासूबाई दिवसभर आपल्या नवऱ्याकडे रागानं बघत होत्या.

बाळ आलं ते नेमकं धारेच्या वेळेला. मामी दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून म्हशीशी बोलत होती. मध्येच बोलणं थांबलं आणि मग शिंगातून आवाज आला, "अहो! नात झाली!" मामा ताडकन उठला. चरवी कलंडली. त्या वेळचं सगळं दूध गोठ्यानं प्यायलं आणि मामी पहिल्यांदाच त्यावरून काही बोलली नाही.

ताई हिंडूफिरू लागल्यावर मामी परतली. पिशवीही खाली न ठेवता गोठ्यात गेली आणि म्हशीजवळ बसली. "माझी बाय, आले गं मी." म्हशीनं तिला हुंगलं, चाटलं, पण दुधाचा एक थेंब दिला नाही. मान वळवून ती शिंग हलवत राहिली.

"फोन हवाय तिला," मामा म्हणाला.

"मी इथं साक्षात बसलेय ना!"

"मला नको सांगू. तिला सांग."

ताईनं मामीला आपला जुना फोन दिला होता. तो घेऊन मामी तणतणत स्वयंपाकघराच्या दारात गेली. त्या फोनला तिथंही रेंज मिळाली. गोठ्यात मामानं शिंगाला बांधलेल्या फोनची घंटी वाजली आणि म्हशीनं डोळे मिटले.

आता रोज मामा धारेला बसतो आणि मामी चहाचा कप घेऊन उंबऱ्यावर बसून बोलते. मागच्या आठवड्यात ती आमच्याकडे चक्क दोन दिवस राहिली. सकाळी अंगणातून तिचा आवाज आला तेव्हा सगळी गल्ली जागी झाली. मी शेजारीच बसले होते, त्यामुळे पलीकडचंही ऐकू आलं.

"भरली चरवी," मामा म्हणाला.

"मग ठेवते."

"थांब. बोल अजून थोडं."

"आता कशाला? दूध काढून झालं ना?"

"झालं. पण ती ऐकतेय."