पूर्णाकाठचं चार महिन्यांचं बंदर

समस्त बुलढाणेकरांना, भूगोलाच्या गुरुजींना आणि विशेषतः मुंबईच्या गोदीवाल्यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येतं की, आपल्या जिल्ह्यात एकेकाळी बंदर होतं. हसू नका. मी त्या बंदराचा मॅनेजर होतो.

बंदर वर्षातून चारच महिने चालायचं. पूर्णा नदीवर तेव्हा ठेंगणा रपटा, म्हणजे बुटका फरशीपूल होता. पावसाळ्यात तो पाण्याखाली गेला की जळगाव जामोदकडून स्टेशनाकडे जाणारा रस्ता नदीत उतरायचा आणि दिवाळीपर्यंत बाहेर यायचा नाही. मग मालासाठी एक मोठा लाकडी डोंगा सुरू व्हायचा. घाटाचा लिलाव माझ्या मावसाजींनी घेतलेला. मी बी.कॉम. होऊन घरी लोळत होतो. त्यांनी मला एक छत्री दिली, एक शिट्टी दिली आणि काठावर उभं केलं. झालो मॅनेजर.

आमच्या काठावरून केळी, विड्याची पानं, दुधाचे कॅन आणि बकऱ्या जायच्या. तिकडून मीठ, खत, रॉकेल यायचं. एकदा शाळेचा फळा आला, तो पोरांनी परत पाठवायची मागणी केली. जाताना डोंगा गच्च आणि येताना अर्धा, हे आमचं कायमचं दुखणं. म्हणून परतीचं मीठ आम्ही निम्म्या भाड्यात आणायचो. असं का, ते तीन वर्षं अर्थशास्त्र घोकूनही मला कळलं नव्हतं. डोंगा वल्हवणाऱ्या चाचांनी ते एका बिडीत समजावलं, "खाली डोंगा भी उतनाच दम खाते, बाबू."

पण आमच्या बंदराची खरी शान म्हणजे भाडं ठरवायची रीत. घाटावर वजनकाटा नव्हता. डोंग्याच्या अंगाला बाहेरून एक खिळा ठोकलेला होता. रिकामा डोंगा बरोबर त्या खिळ्यापर्यंत पाण्यात असायचा. माल भरला की खिळा बुडायचा. मग मालाच्या धन्याने डोंग्यात बसून, बाहेर वाकून, खिळ्यापासून पाण्याच्या वरच्या पातळीपर्यंत आपली आडवी बोटं लावायची. जितकी बोटं, तितकं भाडं. आणि बोटं धन्याचीच, म्हणजे भांडण नको.

भांडण व्हायचंच. जाड बोटांच्या माणसाची तीन बसायची, तिथे बारीक बोटांच्या माणसाची चार. एका पानमळ्याच्या मालकीण काकू होत्या, वेलीसारख्या सडपातळ. त्या दर खेपेला मला झापायच्या, "काऊन रे मॅनेजर, माहे बोटं बारीक हायेत, हा काय गुन्हा हाय?" मी शिट्टी तोंडात धरून गंभीर व्हायचो.

केळीचे एक शेठ मात्र हुशार निघाले. त्यांनी आपला साळा आणला. साळा म्हणजे भला मोठा गडी, एकेक बोट केळाएवढं. शेठनी जाहीर केलं, "हा माह्या धंद्यातला पार्टनर हाय. आता बोटं हाच लावन." साळा केळीच्या घडांवर बसायचा, वाकायचा, तीन बोटं लावायचा. शेठ खुशीत मिशा पुसायचे. तेवढंच त्याचं काम. तो कधी एक शब्द बोलला नाही.

त्या वर्षीच्या श्रावणातला एक दिवस. काकू पानांच्या सोळा करंड्या घेऊन आल्या. ओल्या पोत्यांखाली हिरवी, कोवळी पानं. सगळ्या काठाला त्यांचा तिखटगोड वास. भुसावळच्याही पलीकडच्या एका नव्या व्यापाऱ्याने निरोप धाडला होता: दुपारच्या गाडीने सोळाच्या सोळा करंड्या ताज्या पोचल्या, तर सबंध हंगामाची पानं तुमचीच. नाही पोचल्या, तर दुसरा मळा बघतो. त्या साली उन्हाळ्याच्या झळांनी काकूंचा अर्धा मळा जळाला होता. हा व्यापारी गेला असता, तर उरलेले वेल उपटून त्या तूर पेरणार होत्या. तसं त्यांनी मला हसत सांगितलं, पण पाणी शिंपडता शिंपडता त्याच सोळा करंड्या त्या पुन्हा पुन्हा मोजत होत्या.

आणि नंबर पहिला होता शेठचा. डोंग्यात केळी आधीच रचलेली, त्यावर साळा. पाणी चढलेलं, एका खेपेला तास लागायचा. दुसऱ्या खेपेपर्यंत गाडी निघून गेली असती.

"करंड्याही घ्या याच खेपेला," मी म्हणालो.

करंड्या चढवल्या. चाचांनी डोंग्याच्या काठापासून पाण्यापर्यंत आपली मूठ धरली. एवढी जागा कोरडी राहिलीच पाहिजे, हा त्यांचा एकुलता एक कायदा. मुठीची करंगळी पाण्यात बुडाली. चाचांनी मान हलवली. "चार करंड्या उतारो."

"सोळा म्हंजे सोळा!" काकू ओरडल्या. "चार कमी गेल्या तं तो मानूस सगळ्याच वापस करन!"

"मंग माही केळी उतरवता का?" शेठ म्हणाले. "नंबर माहा हाय, बाई."

आता मला एक पाप कबूल करायचं आहे. पहिल्याच आठवड्यात माझ्या ध्यानात आलं होतं की साळा बसला की डोंगा आणखी खाली जातो. त्याच्या जाड बोटांनी जे वाचायचं, ते त्याच्याच वजनाने वाढायचं. वर थोडं जास्तच. शेठ महिनाभर आपल्या साळ्याचं भाडं भरत होते. घाट मावसाजींचा, म्हणून मी गप्प राहून मजा बघत होतो. पण काकू पुन्हा करंड्या मोजू लागल्या आणि माझ्याने राहवेना.

"शेठ," मी म्हणालो, "साळेबुवांना जरा उतरवून पाहा."

"काऊन बे?"

"उतरवा तर."

साळा उतरला. डोंगा असा काही वर आला, की जणू त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. चाचांनी मूठ धरली. पुरी कोरडी! शेठ खिळ्याकडे बघत राहिले, मग साळ्याकडे, मग माझ्याकडे. हिशोब त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू चढत गेला. घाटभर हशा पिकला आणि काठावर पाय टेकलेला साळा पहिल्यांदाच हसला. डोंग्याला तो रोज भ्यायचा, हे तेव्हा कळलं.

परवा नव्या उंच पुलावरून गाडीने गेलो. पूर्णा अर्ध्या मिनिटात संपली. खाली घाटावर बाभळी माजल्या आहेत. काच खाली केली, पण पानांचा वास कुठून येणार?

तर त्या दिवशी आम्ही पार झालो, टेम्पोत करंड्या टाकल्या आणि गाडी उभी असतानाच स्टेशन गाठलं. शेवटच्या डब्यात मी करंड्या चढवत होतो आणि काकू आत शिरून त्या रचत होत्या, कुणाचं ओझं वर पडू नये म्हणून. पानं ताजी पोचली, व्यापारी कायमचा बांधला गेला, मळा राहिला. ते सगळं दोन दिवसांनी कळलं. कारण सोळावी करंडी रचेपर्यंत गाडी हलली होती. काकू दारात आल्या, मागे पळणाऱ्या फलाटाकडे आणि माझ्याकडे डोळे फाडून पाहिलं आणि अख्ख्या स्टेशनाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या,

"घरी सांगजो रे, भाकरी थापून घ्या म्हना, मी पानाईसंगंच चालली!"