बिनधवल्याचं लग्न

आमची सकुआत्या धवलारीण. म्हणजे लग्नात भटजीच्या बरोबरीनं बसून लग्न लावायची गाणी, धवले, गाणारी बाई. हळदीपासून अक्षतांपर्यंत तिच्या गाण्याशिवाय पान हलत नसे. आमच्या शेणवे गावाच्या आसपास दीडशे तरी लग्नं तिनं लावली असतील, आणि गाता गाता वऱ्हाडाच्या खोड्याही काढल्या असतील. एका नवरदेवाचे पुढे आलेले दात तिनं धवल्यात घातले. तो अजून तिच्याशी बोलत नाही.

अठ्ठ्याण्णव साली माझं लग्न ठरलं. नवरा कुंडलिक, भातसानगरचा, धरणावर कामाला. त्याची आई बाईजाबाई बैठकीत चार पाहुण्यांसमोर म्हणाली, "आमी बेंजो ठरवलाय. धवला नको. आता कोन आयकतो?"

आत्या हसली, पण दोन दिवस धड जेवली नाही. भावाची पोर, आणि तिच्याच लग्नात आपण मुक्यानं बसायचं, हे तिला सोसवेना. मलाही होणाऱ्या सासूचा राग आला, पण तो काढणार कुणावर?

तिसऱ्या दिवशी आत्याच म्हणाली, "विहीनबायला घेऊन सिनेमाला जाऊ." शहापूरच्या थेटरात दुपारच्या खेळाला जुना, गाण्यांनी भरलेला सिनेमा लागला होता. सिनेमातल्या बायका झाडाला धरून का गातात, असं विचारणारी आत्या आपणहून निघाली, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

त्या दोघी शेजारी शेजारी बसल्या, मी कडेला. पडद्यावरच्या जोडीनं पाच गाणी म्हटली, मग थाटात लग्न केलं. बँड, झुंबरं, चाळीस नाचणाऱ्या पोरी. लग्न लागतं न लागतं तोच नवरा होडीत बसला, वादळ आलं, होडी उलटली. नवरीचं कुंकू पुसलं गेलं. सगळं थेटर गप्प झालं. त्या शांततेत आत्या चांगली खणखणीत म्हणाली, "धवला नाय म्हनला. दुसरा काय व्हनार?"

पुढच्या रांगेतले हसले. बाईजाबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र घट्ट धरलं. इंटर्वल झाला तशी आत्या उठली. "चला, यष्टी जायल." यष्टीला चांगला तासभर होता.

स्टँडवर बाईजाबाईंनी विचारलं, "धवल्याला टाइम किती लागतो?"

माझ्या लग्नात आत्या दीड तास गायली. तेवढा वेळ बेंजोवाल्यांना बाईजाबाईंनी स्वतः जेवायला बसवलं. धवल्यात विहीणबाईंच्या ठसक्यावर एक कडवं आलं, तेही त्यांनी मुकाट ऐकून घेतलं.

महिनाभरानं कल्याणला कुंडलिकनं मला तोच सिनेमा दाखवला, अख्खा. इंटर्वलनंतर नवरा जिवंत परत आला, वर दोन गाणी म्हणाला. आत्याची लबाडी सासूबाईंना दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी, म्हणून मी घरी आल्यावर भीत भीत सगळं सांगून टाकलं.

त्या भाकरी थापत होत्या. "माहीत हाय. सात येळा बघितलाय मी त्यो."

"मग?"

"चार पाव्हन्यांत नाय म्हनून बसलेली. माघारी फिरायला निमित नको?" भाकरी तव्यावर टाकून त्या म्हणाल्या, "आनि पडद्यावर लगीन लागत व्हता ना, तवा तुजी आत्या तोंडातल्या तोंडात धवला म्हनत व्हती गो. त्या सिनेमातल्या पोरीसाठी. मी शेजारीच बसलेली."