काकाच्या डोक्यावरची पिसं

दिवाळी झाली की आमची कातकरवाडी वीटभट्टीवर जायची आणि पोरांची शाळा तिथंच बुडायची. मी तरी बारावी झाले. कॉलेजसाठी जातीचा दाखला मागायला तहसील कचेरीत गेले, तर तिथला बाबू म्हणाला, "आजोबांच्या शाळेचा कागद आण."

सोबत काका होता, आमच्या वाडीचा पुढारी. तो म्हणाला, "सायेब, तवा आज्याला शाळेत घेतलं नाय, आता त्याच शाळेचा कागद मागता? वाडीत या, चौकशी करा."

"तिकडं कोण येणार?"

"मंग आम्हीच इथं राहतो."

काकानं अख्खी वाडी आणून कचेरीच्या पायऱ्यांवर चुली मांडल्या. तिसऱ्या दिवशी तहसीलदार साहेब चौकशीला वाडीत आले.

काका आता नाही. परवा आदिवासी दिनाला बदलापुरात त्याचा फ्लेक्स लागला, डोक्यावर पिसांचा टोप चढवून. आयोजक म्हणे, "अमेरिकेतल्या नावाहो आदिवासी सरदारासारखा रुबाब!" अरे, तसला टोप नावाहोंचाही नाही, मी वाचलंय. काका जन्मभर गांधीटोपी घालायचा.

भाषणाला तोच बाबू. "मी त्यांना जवळून ओळखायचो." ओळखणारच! पायऱ्यांवरून उठवायला पोलीस यानंच बोलावले होते.

आज वाडीत घरटी दाखला आहे आणि मी बी.ए. आहे.