आज कोण बरं झालं?

असले किस्से कोणी ठरवून जमवत नाही. दोन खोल्यांच्या क्लिनिकमध्ये बसलं की ते आपसूक साठतात, आणि मग तुमच्यासारख्या मित्रमंडळींना ऐकावे लागतात! नावं विचारायची नाहीत, एवढीच अट.

मी मुळात फिजिओथेरपिस्ट. नव्वदच्या दशकात सातपूरच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या पाठी, खांदे, गुडघे सरळ करायचे. पाठ सरळ व्हायची, दुखणं तसंच! एकाची मान तर रजा संपायच्या आदल्या दिवशी हटकून अवघडायची. हे काय गौडबंगाल आहे म्हणून मानसशास्त्र शिकले, पक्की नोकरी सोडली आणि कॉलेज रोडला पाटी लावली: 'शरीर-मन समुपदेशन'.

सासरे रोज संध्याकाळी विचारायचे, "आज कोण बरं झालं?" मला खरंच सांगता यायचं नाही. आपण करतोय ते उपचार आहेत की नुसत्या गप्पा, हा माझाच घोळ मिटत नव्हता. वर्षभर बघते, नाहीतर परत नोकरी धरते, असं घरी कबूल केलं होतं.

*

पहिले आले ते एक निवृत्त मास्तर. शर्ट काढून थेट टेबलावर पालथे झोपले. काही विचारलं की म्हणत, आधी पाठ चोळा, मग बोलू. मी चोळली. मास्तर घोरायला लागले! उठल्यावर म्हणाले, कित्येक महिन्यांनी अशी झोप लागली. बोलणं राहिलंच.

*

सातपूरच्या एका ऑपरेटरला सांगितलं, राग आला की पोटावर हात ठेवून सावकाश श्वास घ्या. त्याने ते मशीनसमोर उभं राहून केलं. सुपरवायझरने पाहिलं आणि कॅन्टीनच्या उसळीची चौकशी लावली.

*

नामपूरच्या एका कांदा व्यापाऱ्याच्या छातीत धडधडायचं. दुसऱ्या भेटीला त्यांनी ड्रायव्हरलाच पाठवलं. "शेठ लिलावात हायेत. त्यांचं समदं मला ठाऊक हाय, विचारा." शेठचं सांगता सांगता तो स्वतःच्या घरावर कधी आला ते त्यालाही कळलं नाही. तासभर रडला.

पुढच्या आठवड्यात शेठचा फोन आला, "मॅडम, लय हलकं वाटतंय!"

*

वर्ष संपत आलं, तेव्हा मखमलाबादकडून एक फुलशेतीवालं जोडपं आलं. बाईंची उजवी मूठ चार महिने मिटलेली. हार करणं बंद, भाकरी थापणं बंद, रिपोर्ट सगळे नॉर्मल. दसरा तोंडावर आलेला. हात सुटला नाही तर हिला माहेरी सोडून येतो, असं नवरा तिच्यासमोरच सांगत होता.

मी बाईंना काहीही विचारलं की उत्तर तोच द्यायचा. बोटं सोडवून पाहिली, जमेना. शेवटी विचारलं, "ताई, या मुठीला बोलता आलं असतं, तर ती काय म्हणाली असती?"

"ती काय बोलणार?" नवरा म्हणाला. "काम नको हाय हिला."

बाईंनी मुठीकडे पाहिलं. मग हळूच मला म्हणाल्या, "यांना जरा भायेर बसवा."

नवरा गोंधळून माझ्याकडे बघत बाहेर गेला. बाई उठल्या आणि त्याच उजव्या हाताने त्यांनी दाराला आतून कडी लावली.